डोक्याची गोळी

उल्काच्या दुकानात आरसे जरा जास्तच होते. चष्म्याचं दुकान म्हटल्यावर ते ओघानंच आलं. नारायण पेठेतल्या त्या अरुंद गाळ्यात समोर एक लांब आरसा होता, दोन्ही भिंतींवर फ्रेमांच्या फळ्यांमागे आरसे होते, शिवाय काउंटरवर गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे छोटे वेगळेच. तिचा नवरा श्रीधर आतल्या बाजूला काचा घासत बसायचा आणि उल्का बाहेर लोकांच्या नाकावर चष्मे चढवून बघायची. लग्न झाल्यापासून हेच चाललं होतं. दिवसभर दुसऱ्यांचे चेहरे न्याहाळण्यात स्वतःच्या चेहऱ्याकडे तिचं कधी फारसं लक्षच गेलं नव्हतं.

माई गेल्यानंतर मात्र ते जायला लागलं.

माई म्हणजे उल्काची आई. शेवटी शेवटी ती उल्काकडेच राहायला होती, आणि जाण्याआधी वर्षभर तिनं लेकीला ओळखलंच नाही. उल्का तिला भरवायची, तिचं अंग पुसायची, केस विंचरायची. आणि माई तिच्याकडे टक लावून बघायची आणि भिंतीकडे तोंड करून विचारायची, "ही बाई कोण? हिला घालवा." गाल ओघळलेले, जबड्याखाली कातडी लोंबलेली, डोळ्यांत ओळखीचा मागमूस नाही. माई गेली तेव्हा उल्काला वाईट वाटलं, पण तो चेहरा आता बघायला लागणार नाही याचं थोडं हायसंही वाटलं होतं.

मग एका दुपारी एका कॉलेजच्या मुलीला फ्रेम लावून दाखवताना तिनं सहज मान वळवली, तर बाजूच्या आरशात माई उभी होती.

ती आपण स्वतःच आहोत हे कळायला उल्काला वेळ लागला. कळल्यावरही बरं वाटलं नाही, कारण आरशातली बाई तिच्याकडे तशाच परक्या नजरेनं बघत होती.

त्यानंतर ते रोजचंच झालं. समोरून बघितलं की उल्का, तिरकं बघितलं की माई. तिनं बाजूच्या आरशांवर कंपन्यांची पोस्टरं चिकटवली. श्रीधरनं दोन दिवस ते बघितलं आणि विचारलं, "गिऱ्हाइकानं चष्मा कसा दिसतो ते आता पोस्टरवरच्या बाईला विचारायचं का?"

"अहो, मला चेहऱ्याचं ऑपरेशन करून घ्यायचंय," उल्का म्हणाली. हे वाक्य कितीतरी दिवस तिच्या तोंडात घोळत होतं.

श्रीधरनं हातातली काच दिव्यासमोर धरून बघितली. "फ्रेम बदलून नंबर उतरत नाही, एवढं तरी या धंद्यात कळायला हवं होतं तुला."

"मला नंबर उतरवायचाच नाहीये."

"मग?"

मेलेल्या आईच्या नजरेची भीती वाटते, हे छप्पन्नाव्या वर्षी नवऱ्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? मुलीनं मात्र काही विचारलं नाही. अवनी लग्नानंतर शहराबाहेर मांजरी भागातल्या नव्या वस्तीत राहत होती, आयटीत होती. ती फोनवर एवढंच म्हणाली, "आई, तुझी बॉडी, तुझा डिसिजन. बाबांना मी बघते." तिनंच चौकशी करून डॉक्टर शोधल्या.

डॉक्टर ऋतुजा जगदाळे चाळिशीच्या आतल्या होत्या, शांत होत्या, आणि घाई करत नव्हत्या. त्यांनी उल्काला सगळं समजावून सांगितलं. कानापुढून आणि कानामागून कातडी सोडवायची, आतलं ओढून घट्ट करायचं, कातडी वर ताणून जास्तीची काढून टाकायची, टाके कानाच्या कडेला लपवायचे. मग एकेक प्रश्न विचारले. मधुमेह आहे का? नाही. ब्लडप्रेशर? नाही. रक्त पातळ होण्याची गोळी, ॲस्पिरिन? नाही. सिगारेट? यावर बरोबर आलेला श्रीधर हसला.

"अधूनमधून घेता असं काही?"

"कधी डोकं दुखलं तर एखादी गोळी," उल्का म्हणाली.

"ती चालेल. ऑपरेशननंतर दुखण्यासाठी आम्ही देऊच," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

यात उल्का खोटं बोलली असं नाही. तिच्या लेखी ते औषध नव्हतंच. मीठ-साखरेसारखं ते घरात असायचं. तिला अर्धशिशी होती, माईला होती तशीच. अवनी लहान असताना एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी ती गोळी दिली, डॉक्टर पुढे वारले, गोळी राहिली. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातला माणूस तिला बघितलं की न विचारता पाकीट काढायचा. "डोक्याची ना?" एवढंच म्हणायचा. घरातही तिला तेच नाव होतं. जुन्या चष्म्याच्या एका डबीत ती ठेवलेली असायची आणि ती डबी उल्काच्या पर्समध्ये.

तिच्या अर्धशिशीची एक पद्धत ठरलेली होती. आधी वास यायचा. देवाच्या फुलांचं निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलंच बांधून ठेवलं आणि विसरलं, तर उघडताना जसा येतो तसा, गोडसर आणि कुजका. मग डाव्या डोळ्यासमोर एक चकाकती नागमोडी रेघ उमटायची आणि ती सरकत सरकत डावीकडचं सगळं खाऊन टाकायची. मग त्या रिकाम्या बाजूला कुणीतरी येऊन बसलंय असं वाटायला लागायचं. दिसायचं काही नाही, पण पलंगाच्या कडेला माणूस बसलं की जसं कळतं तसं कळायचं. आणि मग डोकं सुरू व्हायचं. वास आल्या आल्या गोळी घेतली तर मात्र पुढचं काही होत नसे. इतक्या वर्षांत तिनं गोळी चुकवली नव्हती.

हा वास दुसऱ्या कुणालाही येत नसे. नवी नवरी असताना तिनं त्यापायी सासरचं घर धुंडाळलं होतं. हा आजाराचाच भाग आहे, वास बाहेर नसतो, डोक्यात असतो, असं त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कुठे तिनं शोधणं सोडलं. पुढे ती नुसतं "वास यायला लागला" म्हणायची आणि श्रीधर उठून पडदे ओढायचा. बोलण्यात तो कितीही तिरका असला तरी पडदे ओढायला त्यानं कधी उशीर केला नाही.

ऑपरेशन नीट झालं. डोक्याला बँडेज, कानामागून नळ्या, आरशात बघायचं नाही अशी ताकीद. दुसऱ्या दिवशी ती घरी आली. पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी नळ्या काढल्या, बँडेज सोडलं आणि हनुवटीखालून डोक्यावर जाणारा इलॅस्टिकचा रुंद पट्टा बांधला. "डावीकडे जरा जांभळं आहे. रक्त साकळलंय, उतरेल. हा पट्टा काढायचा नाही. आठवड्यानं या, मध्ये काही वाटलं तर फोन करा," त्या म्हणाल्या.

उल्काला झोप नव्हती. जेवण म्हणजे पेज आणि सूप, तेही वेळी-अवेळी. डोक्याला एवढं निमित्त पुरेसं होतं. घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी वास आला. तिनं गोळी घेतली, श्रीधरनं पडदे ओढले.

वास गेला नाही.

असं कधी झालं नव्हतं. वास यायचा, थोडा वेळ टिकायचा आणि जायचा. या वेळी तो संध्याकाळपर्यंत राहिला, सकाळी उठली तरी होताच. डोकं दुखत नव्हतं, पण आता दुखेल, मग दुखेल या धास्तीनं तिनं दुसरी गोळी घेतली. दुपारी तिसरी. चेहऱ्यावर टाके असताना उलटी झाली, डोकं आपटावंसं वाटलं, तर काय होईल या विचारानं ती गोळीला चिकटून राहिली. पाकीट संपलं तेव्हा श्रीधरनं नवीन आणून दिलं.

श्रीधरला विचारण्यात अर्थ नव्हता. करोना झाल्यापासून त्याचं नाक जवळपास बंदच होतं, गॅसवर दूध करपलं तरी त्याला कळत नसे. तरी तिनं एकदा विचारलंच, "अहो, खोलीत काही कुजल्यासारखं वाटतंय का?"

"मला? मला तर तुझं जेवणही सारखंच लागतं, कुजलेलं आणि ताजं," तो म्हणाला आणि मग तिचा चेहरा बघून त्यानं पडदे पुन्हा नीट ओढले.

खोली दिवसभर अंधारी असायची. बाहेर लक्ष्मी रोडकडे निघालेल्या गाड्यांचे हॉर्न, खाली इस्त्रीवाल्याचा रेडिओ, सगळं नेहमीसारखं. आत उल्का उताणी पडलेली. डावा गाल बधिर होता. बधिरपणा राहणार हे डॉक्टरांनी सांगितलं होतंच, पण त्यानं काय होईल हे कुणी सांगितलं नव्हतं. एकदा पट्टा सारखा करायला तिनं उजवा हात नेला आणि बोटं डाव्या गालाला लागली. बोटांना गाल लागला, गालाला बोटं लागली नाहीत. आपण दुसऱ्याच कुणाच्या तोंडाला हात लावतोय असं वाटलं. आणि तो गाल गार होता. उजवा कोमट, डावा गार.

हा स्पर्श तिच्या हातांच्या चांगला ओळखीचा होता. वर्षभर रोज सकाळी ओल्या फडक्यानं तिनं असाच एक गाल पुसला होता.

तिनं हात काढून घेतला आणि चादरीला पुसला.

त्या दिवसापासून डावीकडे बसलेलं माणूस उठेना. गोळी सुरू होण्यापूर्वी ते डोक्याबरोबर यायचं आणि डोक्याबरोबर जायचं. आता ती जागी झाली की ते तिथेच असायचं. उल्का मान वळवत नसे. मान वळवायला मनाईच होती आणि त्याबद्दल तिला मनातून बरं वाटत होतं. आपण माईचा चेहरा काढून टाकायला गेलो, म्हणून ती तो परत मागायला बसली आहे, असं तिच्या डोक्यात आलं. दिवसाउजेडी, रस्त्यावर भाजीवाला ओरडत असताना हे डोक्यात आलं, आणि ते काही केल्या जाईना.

अवनी कामासाठी हैदराबादला गेली होती. परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती मांजरीहून गाडी घेऊन तडक नारायण पेठेत आली. चपला काढल्या, बाबांशी दोन शब्द बोलली आणि आईच्या खोलीचं दार ढकललं. उंबरठ्यातच थांबली.

"आई, इथे फुलं कुजली आहेत का कुठे?"

उल्कानं पलंगाची कड धरली. "काय म्हणालीस?"

"फुलं गं. निर्माल्य पिशवीत राहिलं की येतो ना, तसा वास येतोय. घाण." अवनी पलंगाखाली वाकून बघत होती. "बाबा, इथे पिशवी ठेवली होती का तुम्ही?"

"तुला येतोय?" उल्कानं विचारलं. "अवनी, तुला खरंच वास येतोय?"

"म्हणजे काय? तुला येत नाही?"

तीस-पस्तीस वर्षं जो वास फक्त डोक्यात असतो असं आपण धरून चाललो, तो बाहेर होता. खोलीत होता. मग डावीकडचं माणूसही असणार. उल्कानं डोळे मिटून घेतले. अवनीनं कपाटामागे बघितलं, खिडकीत बघितलं आणि वासाच्या मागानं येत येत पलंगाच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. रिकाम्या म्हणून सोडलेल्या त्याच जागेत. तिथून ती वाकली.

"आई, हा पट्टा कधी काढला होतास?"

"काढायचा नाहीये."

"मी काढते. बाबा, पडदा उघडा."

श्रीधरनं पडदा सारला. कितीतरी दिवसांनी खोलीत ऊन आलं. अवनीनं पट्ट्याचं टोक सोडलं, कानावरून हळूच बाजूला केलं. उल्का तिच्या तोंडाकडे बघत होती. मुलीच्या चेहऱ्यावर काय चाललंय हे तिला पोरगी लहान असल्यापासून कळायचं, त्यामुळे आरसा मागायची गरज पडली नाही.

कानाच्या पुढे आणि पाळीच्या मागे कातडी काळी पडली होती, जुन्या चामड्यासारखी कोरडी आणि कडक.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना लगेच आत घेतलं. दिवा जवळ ओढला, हातमोज्यातल्या बोटानं काळ्या भागाभोवतीची कातडी दाबली, सोडली आणि बघत राहिल्या. पुन्हा दाबली.

"रक्त पोचत नाहीये," त्या म्हणाल्या. "तुम्ही सिगारेट ओढत नाही. मी दिलेल्यांशिवाय कुठलं औषध घेतलंत का?"

"नाही," उल्का म्हणाली.

"आणि तिची डोक्याची," दारात उभा असलेला श्रीधर म्हणाला.

डबी पर्समधून निघाली. डॉक्टरांनी पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली.

"ही कशासाठी घेता?"

"डोक्यासाठी. अर्धशिशी आहे मला."

"ऑपरेशननंतर किती घेतल्यात?"

उल्कानं सांगितलं. डॉक्टर स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या.

"यात एर्गोटामिन म्हणून एक जुनं औषध आहे. ते रक्तवाहिन्या आवळतं. तुमचं डोकं थांबतं ते त्यानंच. पण त्या गोळीला डोकं कुठलं आणि गाल कुठला ते कळत नाही. ती सगळीकडेच आवळते. तुमच्या गालाची कातडी आम्ही खालून सोडवली आहे, तिला रक्त फक्त कडेकडेनं बारीक वाटांनी मिळतं, आणि कान म्हणजे त्या वाटेचं शेवटचं टोक. तिथे आधीच कमी पोचत होतं, तेही बंद झालं. फक्त हिच्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, काही न घेताही कधी होतं. पण हिनं हातभार लावला हे नक्की." मग त्या थांबल्या. "आणि मी ॲस्पिरिनचं विचारलं, अर्धशिशीचं नाव घेऊन विचारलं नाही. तुम्ही डोकं म्हणालात तेव्हाच मी पुढे विचारायला हवं होतं."

आजपासून ती गोळी बंद. मेलेली कातडी आपणहून सुटेल, तसतशी कापून काढायची, रोज ड्रेसिंग, खालून आणि कडेनं नवी येईल. महिने लागतील, व्रण राहील. डोक्यासाठी मेंदूचे डॉक्टर वेगळं औषध देतील, पण अर्धशिशीवरच्या नव्या गोळ्यांतल्याही काही अशाच आवळणाऱ्या असतात, त्या नकोत. दुसरं औषध लागू पडायला वेळ जाईल. तोवर डोकं दुखलं तर सोसावं लागेल.

"त्यातल्या त्यात बरं म्हणजे पू नाही," ड्रेसिंग करताना डॉक्टर म्हणाल्या. "अगदी कोरडं आहे."

"पण वास येतोय ना," अवनी म्हणाली.

डॉक्टरांनी मास्क खाली केला आणि जखमेजवळ वाकल्या. "नाही. वास नाही. कोरड्याला नसतो." त्यांनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टरही वाकली आणि तिनं मान हलवली. "काहीच नाही, मॅडम."

अवनी मागे सरकली. उल्कानं तिच्याकडे बघितलं. पोरगी दिव्याकडे पाठ करून उभी होती आणि डावा डोळा चोळत होती.

परत जाताना म्हात्रे पुलावर अवनीनं गाडी एकदम कडेला घेतली. मागच्यांनी हॉर्न वाजवले. तिनं स्टिअरिंग घट्ट धरलं होतं.

"बाबा, मला डावीकडचं दिसत नाहीये. चमकतंय काहीतरी. अर्धा पूलच गायब आहे." मग हळू आवाजात तिनं विचारलं, "आई, मागे तुझ्या शेजारी कोण बसलंय?"

मागच्या सीटवर उल्का एकटीच होती.

श्रीधरनं मागे वळून आधी बायकोकडे आणि मग मुलीकडे बघितलं. अवनीनं दार उघडलं आणि कठड्याशी जाऊन ती ओकली. उल्का बांधलेल्या डोक्यानं गाडीतून उतरली, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि तिला हळूहळू सगळं कळलं. खोलीत काही कुजलं नव्हतं. सकाळी दारात अवनीला जो वास आला तो जखमेचा नव्हता. तिला तो आयुष्यात पहिल्यांदा आला होता आणि तो तिच्याच डोक्यातला होता. नाहीतर पुढच्या तपासणीपर्यंत पट्टा कुणी सोडला नसता. योगायोग म्हणायचं की आणखी काही, हे उल्कानं पुढे फार ताणून बघितलं नाही. पण त्या पुलावर, मुलीच्या पाठीवर हात असताना, तिला भीती वाटली ती माईची नव्हती.

अवनी आठ-दहा दिवस आईकडेच राहिली. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडायची, मधल्या वेळात ड्रेसिंगचं सामान काढून द्यायची. नवी औषधं दोघींचीही सुरू झाली होती.

गोळी सोडल्यावर डोकं सूड उगवल्यासारखं येईल, असं मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते एका दुपारी आलं. वास आला, रेघ आली, आणि उल्का डबीशिवाय पडून राहिली. गोळी हाती आल्यापासून ती या वाटेनं शेवटपर्यंत कधी गेलीच नव्हती. दरवेळी गोळी तिला मधूनच परत फिरवायची. रेघ सरकत गेली, खिडकी गेली, कपाट गेलं, तिचा स्वतःचा डावा हात गेला. मग शब्द गेले. समोर जे होतं त्याची नावं तिला सुचेनात, आणि मग नावं असतात हेही सुचेना.

दारात एक बाई उभी होती.

हातात वाटी होती. बाईचा चेहरा वाईट नव्हता, पण तो कुणाचा ते कळत नव्हतं, आणि ती आत येत होती. ही खोली कुठली, पलंग कुणाचा, आपल्याला इथे कुणी आणून टाकलं, काही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की बाई जवळ येतेय, आपल्याला हात लावणार आहे, आणि आपल्याला पळता येत नाही. बाई वाकली. काहीतरी बोलली. तिचे ओठ हलले, आवाज आला, अर्थ आला नाही.

तेवढ्यात डाव्या बाजूनं, अगदी कानाशी, कुणीतरी स्पष्ट म्हणालं, "ही बाई कोण? हिला घालवा."

पुन्हा भान आलं तेव्हा ऊन उतरलं होतं. डोकं ठणकत होतं, पण कपाट कपाट होतं आणि खिडकी खिडकी. अवनी भिंतीशी खुर्चीत बसली होती, डोळे लाल. दाराशी श्रीधर फोनवर मेंदूच्या डॉक्टरांशी बोलत होता. उद्या सकाळी घेऊन या, मेंदूचा फोटो काढून बघू, असं काहीसं तिकडून सांगत असावेत. दुसऱ्या दिवशी ते झालंही, आणि मेंदूत वावगं काही निघालं नाही. अर्धशिशी कधीकधी एवढंही करते, थोडा वेळ माणसं ओळखू येत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी खोलीत तिघंच होती.

"मी काही बोलले का?" उल्कानं विचारलं.

"तू मला घालवायला सांगत होतीस. बाबांना. भिंतीकडे तोंड करून," अवनी म्हणाली.

"मी नाही म्हणाले ते. मला ऐकू आलं. डावीकडून आलं."

श्रीधरनं फोन खाली केला. "तूच म्हणालीस, उल्का. मी इथेच होतो. आवाज मात्र..." तो थांबला. "जाऊ दे."

"कसा होता?"

"माईंसारखा."

उल्का छताकडे बघत होती. मग म्हणाली, "अवनी, ती घाबरलेली असायची गं."

"कोण?"

"माई. वर्षभर मला वाटत होतं तिला माझा राग येतोय, म्हणून ती मला घालवते. राग नव्हता तो. आपल्याकडे कोण येतंय ते तिला कळत नव्हतं, आणि मी रोज ओलं फडकं घेऊन जायचे तिच्या अंगावर."

अवनी उठून पलंगाशी आली. या वेळी जवळ येताना आधी म्हणाली, "आई, मी अवनी," आणि मगच तिनं हात लावला.

काळी कातडी पावसाळा सरता सरता सगळी सुटली. त्याखाली गुलाबी, चकचकीत, जरा ओढलेली अशी नवी आली. डॉक्टर ऋतुजा म्हणाल्या, वर्षभरानं व्रण बारीक करून देता येईल. उल्कानं बघू म्हटलं. ती दुकानात बसायला लागली. डाव्या कानावर चष्म्याची काडी टोचायची, म्हणून श्रीधरनं तिच्यासाठी एक हलकी फ्रेम काढली आणि काडीचं टोक तापवून, वाकवून, तिच्या कानाला दुखणार नाही इतकं सारखं करून दिलं. ओघळलेले गाल गेले होते, जबडा रेखीव झाला होता, आणि तरी तिरकं बघितलं की आरशात माई असायचीच. पोस्टरं तिनं काढून टाकली. गिऱ्हाइकांची अडचण होत होती.

दिवाळीनंतर अवनीला मेंदूच्या डॉक्टरांकडे पुन्हा जायचं होतं. ती नको म्हणत असताना उल्का बरोबर गेली. डॉक्टरांनी अवनीला विचारलं, त्या दिवसाआधी असा वास कधीच आला नव्हता का?

"नाही," अवनी म्हणाली. मग विचारात पडली. "म्हणजे, आजीच्या खोलीत यायचा. शेवटच्या वर्षात. पण मला वाटायचं, आजारी माणसाच्या खोलीला असा वास असतोच."

उल्कानं तिच्याकडे बघितलं. माईची खोली रोज फिनाइलनं पुसलेली असायची. तिथे फिनाइलशिवाय कसलाच वास नव्हता.

"आणि तुमच्या आईंना यायचा का?" डॉक्टरांनी उल्काला विचारलं. "त्या कधी काही बोलल्या?"

ती नाही म्हणणार होती. माई आपल्या दुखण्याबद्दल अवाक्षर काढत नसे, खोलीचं दार लावून घ्यायची एवढंच. पण माहेरची एक गोष्ट तिला त्या खुर्चीत बसल्या बसल्या आठवली, जिच्याकडे तिनं कधी लक्षच दिलं नव्हतं. सकाळी वाहिलेली देवाची फुलं माई दुपारच्या आत काढायला लावायची. काम करणाऱ्या बायडाबाई म्हणायच्या, अहो बाई, अजून टवटवीत हायेत. तरी माई नाकाला पदर लावून म्हणायची, नाही, कुजलीत, वास येतोय, बाहेर टाकून ये आधी. बायडाबाई ओंजळीत ती ताजी फुलं घेऊन, एकदा हुंगून, काही न बोलता बाहेर जायच्या.

"यायचा," उल्का म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न अवनीला विचारला. अवनीला उत्तर द्यायला जरा वेळ लागला, कारण ती आईकडे बघत होती.